क्रिप्टो चलन ठराविक तारखेपर्यंत कुलूपबंद ठेवण्याचे मार्ग: कुलूप कोणाचे, किल्ली कोणाकडे?

मुलीच्या कॉलेजची फी, मुलाचा निकाह, आई-वडिलांचा हज. या कामांसाठी पैसा बाजूला काढून ठेवायचा आणि वेळ येईपर्यंत त्याला हात लावायचा नाही, ही आपल्या घरांतली जुनी सवय. कोणी भिशी लावतो, कोणी सोने घेऊन लॉकरमध्ये ठेवतो, कोणी जमिनीचा तुकडा घेतो. आता आखातात किंवा पुण्या-बंगळुरूला नोकरी करणारी आपली मुले बिटकॉइन, इथर अशी क्रिप्टो चलनेही घेऊ लागली आहेत. मग प्रश्न येतो की हे चलन दहा वर्षे कोणालाच, अगदी स्वतःलाही, हात लावता येणार नाही असे कुलूपबंद करता येते का?

येते. पण “लॉक” या एकाच शब्दाखाली चार-पाच अगदी वेगळ्या गोष्टी खपवल्या जातात. काही खरी कुलुपे आहेत, काही फक्त कोणाचा तरी शब्द आहे, आणि काही सरळ फसवणूक आहे. हा फरक घरातल्या प्रत्येकाला कळावा म्हणून ही माहिती एकत्र केली आहे. क्रिप्टो घ्या असा सल्ला आम्ही देत नाही. ज्यांनी घेतले आहे किंवा ज्यांच्या घरात कोणी घेतले आहे, त्यांच्यासाठी हे लिहिले आहे.

जायज की नाजायज?

हा प्रश्न टाळून पुढे जाता येणार नाही. उलमांमध्ये यावर एकमत नाही. तुर्कस्तानच्या दियानतने २०१७ मध्ये क्रिप्टोचा व्यवहार योग्य नसल्याचे सांगितले. इजिप्तच्या मुफ्तींचा बिटकॉइनविरोधी फतवा २०१८ च्या सुरुवातीला चर्चेत आला. इंडोनेशियाच्या उलमा परिषदेने नोव्हेंबर २०२१ मध्ये चलन म्हणून त्याचा वापर हराम ठरवला, पण काही शर्ती पूर्ण करणाऱ्या मालमत्तेच्या खरेदी-विक्रीला जागा ठेवली. मलेशियात सिक्युरिटीज कमिशनच्या शरिया सल्लागार मंडळाने २०२० मध्ये नोंदणीकृत एक्स्चेंजवरील व्यवहाराला परवानगी दिली. आपल्याकडे अनेक मुफ्ती मनाई करतात. त्यामुळे आपल्या भरवशाच्या मुफ्तींना आधी विचारावे, कुलुपाचा विचार नंतर. आणि विचारताना फक्त “बिटकॉइन चालते का” एवढेच विचारू नये. कोणत्या प्रकारे लॉक करणार, त्यावर काही मिळणार का, तेही सांगावे. त्याने उत्तर बदलू शकते.

किल्ली म्हणजे काय?

क्रिप्टो चलन मोबाइलमध्ये किंवा पेनड्राइव्हमध्ये नसते. ते ब्लॉकचेन नावाच्या एका सार्वजनिक वहीतली नोंद असते. ही वही जगभरातल्या हजारो संगणकांवर एकसारखी ठेवलेली असते. तुमच्याकडे असते ती फक्त किल्ली, म्हणजे एक प्रचंड मोठा गुप्त आकडा. तो माणसाला लिहून ठेवता यावा म्हणून बहुतेक वॉलेट १२ किंवा २४ इंग्रजी शब्दांची यादी देतात. हे शब्द २,०४८ शब्दांच्या एका ठरलेल्या यादीतून येतात.

ही यादी ज्याच्या हाती, तो मालक. वही नाव विचारत नाही, आधार कार्ड विचारत नाही, वारस कोण हेही विचारत नाही. यादी हरवली तर “पासवर्ड विसरलो” असे सांगायला कुठली शाखा नाही. वेल्समधल्या न्यूपोर्ट शहरात २०१३ मध्ये एका माणसाची हार्ड डिस्क कचऱ्यात गेली. तिच्यात सुमारे ८,००० बिटकॉइनची किल्ली होती. अनेक वर्षे त्याने कचऱ्याचा डेपो खणू द्या म्हणून प्रयत्न केले, कोर्टापर्यंत गेला, हाती काही लागले नाही.

म्हणून कोणत्याही कुलुपाबद्दल तीन प्रश्न विचारायचे. तारखेआधी ते कोण उघडू शकतो? तारखेनंतर कोण उघडू शकतो? आणि मधल्या काळात मालक वारला तर काय? पुढचे सगळे मार्ग याच तीन प्रश्नांवर तपासून पाहू.

पहिला मार्ग: किल्ली स्वतःपासून दूर ठेवणे

सगळ्यात साधा मार्ग म्हणजे बारा-चोवीस शब्द कागदावर किंवा स्टीलच्या पट्टीवर लिहून बँकेच्या लॉकरमध्ये ठेवणे, आणि मोबाइलमधून वॉलेट काढून टाकणे. हे खरे कुलूप नाही. मनात आले की लॉकर उघडता येतो. पण घाईत, रात्री दोन वाजता भाव बघून विकण्याची सवय मात्र यामुळे सुटते. बऱ्याच लोकांना एवढेच हवे असते.

याच्या पुढची पायरी म्हणजे अनेक सह्यांचे वॉलेट. मशिदीच्या ट्रस्टचे बँक खाते जसे अध्यक्ष आणि खजिनदार दोघांच्या सहीने चालते, तसेच हे. तीन किल्ल्या बनवायच्या आणि त्यातल्या कोणत्याही दोन लागतील असे ठरवायचे. एक स्वतःकडे, एक पत्नीकडे, एक भावाकडे किंवा बहिणीकडे. एक हरवली तरी पैसा अडकत नाही, आणि एकट्याला काही करता येत नाही.

तिसरा प्रकार आहे गुपिताचे तुकडे करण्याचा. ही पद्धत इस्रायली गणितज्ञ अदी शमीर यांनी १९७९ मध्ये मांडली. पाच तुकड्यांतले कोणतेही तीन जुळवले की गुपित पूर्ण होते, दोन तुकड्यांतून मात्र काहीच कळत नाही. काही हार्डवेअर वॉलेटमध्ये ही सोय आहे. मात्र २४ शब्दांची यादी कात्रीने अर्धी-अर्धी कापणे म्हणजे ही पद्धत नव्हे. तसे केल्याने एक तुकडा हरवला की सगळेच जाते, आणि एक तुकडा चोराला मिळाला तर त्याचे निम्मे काम होते.

या मार्गात तारीख पाळणे माणसांवर सोडलेले असते. त्याचा फायदाही आहे. घरात अचानक ऑपरेशन निघाले तर सगळे मिळून कुलूप उघडू शकतात.

दुसरा मार्ग: कंपनीच्या शब्दावर

अनेक एक्स्चेंज आणि ॲप “फिक्स्ड टर्म” किंवा “लॉक्ड” नावाने ठेव घेतात. ९० दिवस, १२० दिवस, एक वर्ष, आणि वर काही टक्के. दिसायला ही बँकेच्या मुदत ठेवीसारखी दिसते. पण बँकेतली ठेव भारतात ५ लाख रुपयांपर्यंत विमासुरक्षित असते. इथे तसे काही नाही. आणि ठरलेले टक्के म्हटले की सूदचा प्रश्न सरळ समोर उभा राहतो.

त्याहून मोठी गोष्ट म्हणजे किल्ली कंपनीकडे गेलेली असते. अमेरिकेतल्या सेल्सियस या कंपनीने १२ जून २०२२ रोजी सगळ्या ग्राहकांचे पैसे काढणे थांबवले आणि पुढच्याच महिन्यात दिवाळखोरी जाहीर केली. जानेवारी २०२३ मध्ये तिथल्या न्यायाधीशांनी निकाल दिला की “अर्न” खात्यांतले सुमारे ४.२ अब्ज डॉलरचे क्रिप्टो ग्राहकांचे नसून कंपनीच्या मालकीचे आहे, कारण ग्राहकांनी मान्य केलेल्या अटींत तसे लिहिले होते. लोक अमानत समजून बसले होते, कागदावर मात्र ते कर्ज होते. संस्थापकाला मे २०२५ मध्ये १२ वर्षांची शिक्षा झाली.

आपल्याकडे वझीरएक्स या एक्स्चेंजवर १८ जुलै २०२४ रोजी सुमारे २३ कोटी डॉलरची चोरी झाली. पैसे काढणे थांबले आणि ग्राहकांना एक वर्षाहून जास्त वाट पाहावी लागली. त्यांनी कोणतेही कुलूप मागितले नव्हते, तरी ते लागले.

आणि मग आहे फसवणूक. गेनबिटकॉइन या योजनेत बिटकॉइन १८ महिने अडकवा, दर महिना १० टक्के घ्या असे सांगितले जाई. ओळखीतून ओळखीत, नातलगांतून नातलगांत ही योजना पसरली. पुढे बिटकॉइनऐवजी कंपनीने स्वतःच काढलेले नाणे लोकांच्या गळ्यात मारले. २०१८ मध्ये पुणे पोलिसांनी सूत्रधाराला अटक केली, आणि नंतर देशभरातले गुन्हे सीबीआयकडे गेले. बंगळुरूचे आयएमए प्रकरण २०१९ चे. त्यात क्रिप्टो नव्हते, हलाल गुंतवणुकीचे नाव होते. धडा तोच. “लॉक-इन” हा शब्द फसवणाऱ्याच्या फार कामाचा असतो, कारण त्यामुळे दीड वर्ष कोणी पैसे मागायला येत नाही.

म्हणून खूण लक्षात ठेवा: कुलूप लावण्यासाठी जो किल्ली मागतो, तो कुलूप लावत नसतो, सामान घेऊन जात असतो.

तिसरा मार्ग: बिटकॉइनचे स्वतःचे कुलूप

आता खऱ्या कुलुपाकडे येऊ. बिटकॉइनच्या नियमांतच तारखेची सोय आहे. तिचे दोन प्रकार समजून घ्यावेत.

पहिला पुढच्या तारखेच्या चेकसारखा. व्यवहारावर आजच सही करायची, पण त्यात लिहायचे की अमुक तारखेआधी वहीत नोंदवू नये. हा सही केलेला व्यवहार मुलाकडे देऊन ठेवता येतो. पण चेक देऊनही खातेदार मधल्या काळात खाते रिकामे करू शकतो ना? तसेच इथे. मूळ किल्ली जिवंत असेल तर मालक आधीच पैसा दुसरीकडे हलवू शकतो, आणि मग तो सही केलेला व्यवहार रद्दीचा कागद ठरतो.

दुसरा प्रकार पक्का. डिसेंबर २०१५ मध्ये बिटकॉइनमध्ये एक नवी आज्ञा लागू झाली. तिला जाणकार सीएलटीव्ही म्हणतात. तिच्यामुळे अट व्यवहारावर नाही, थेट नाण्यावर बसते. अशा पत्त्यावर पैसा टाकला की ठरलेल्या तारखेआधी मालकाच्या खऱ्या किल्लीनेही तो निघत नाही. कोणताही संगणक ती नोंद स्वीकारत नाही. कोर्टाचा हुकूम, आजारपण, पश्चात्ताप, कशानेही नाही.

तारीख दोन प्रकारे देता येते: घड्याळाच्या वेळेने किंवा ब्लॉकच्या क्रमांकाने. ब्लॉक म्हणजे वहीचे एक पान. सरासरी दहा मिनिटांनी एक पान भरते, म्हणजे दिवसाला १४४ आणि वर्षाला ५२,५६० पाने. पण ही सरासरी आहे. पहिले पान ३ जानेवारी २००९ चे. बरोबर दहा मिनिटांच्या हिशोबाने ८,४०,००० वे पान डिसेंबर २०२४ च्या अखेरीस भरायला हवे होते. ते एप्रिल २०२४ मध्येच भरले, तब्बल आठ महिने आधी. तेव्हा “मुलगी १८ वर्षांची होईल तेव्हा” अशी नेमकी तारीख हवी असेल तर पानांऐवजी घड्याळाची वेळ द्यावी.

जुलै २०१६ मध्ये आणखी एक आज्ञा आली. तिच्यात ठरावीक तारीख नसते, नाणे पत्त्यावर आल्यापासून किती काळ लोटला ते मोजले जाते. या मोजणीला मर्यादा आहे: जास्तीत जास्त ६५,५३५ पाने, म्हणजे साधारण सव्वा वर्ष. दहा वर्षांच्या कुलुपाला ती उपयोगाची नाही, पण वारसांसाठी फार कामाची. लियाना नावाचे मोफत वॉलेट याच आज्ञेवर चालते. मालक आपल्या किल्लीने हवे तेव्हा खर्च करू शकतो. पण नाणी समजा एक वर्ष अजिबात हलली नाहीत, तर दुसरी राखीव किल्लीही चालू लागते. ती पत्नीकडे किंवा मुलांकडे असते. मालक हयात असेल तर त्याने मुदत संपण्याआधी नाणी स्वतःकडेच एकदा फिरवायची, की मोजणी नव्याने सुरू होते. प्रत्येक वेळी थोडी फी जाते.

पक्क्या कुलुपात एक खड्डा आहे. नुसती किल्ली जपून भागत नाही. ज्या अटीने पत्ता बनवला ती अट, म्हणजे स्क्रिप्ट, तीही जपावी लागते. स्क्रिप्ट हरवली तर तारीख उलटली तरी पैसा निघत नाही. आणि तारीख टाकताना चुकून २०३५ ऐवजी २१३५ पडले, तर दुरुस्ती कोणाकडेच नाही.

चौथा मार्ग: करारात लिहिलेले कुलूप

इथेरियमची वही ३० जुलै २०१५ रोजी सुरू झाली. तिच्यात नोंदींबरोबर छोटे प्रोग्रॅमही ठेवता येतात. त्यांना स्मार्ट कॉन्ट्रॅक्ट म्हणतात. “अमुक वेळेनंतरच अमुक पत्त्याला पैसे दे” असा करार काही ओळींत लिहिता येतो. त्यात बिटकॉइनपेक्षा जास्त सोयी आहेत. पैसे एकदम न देता दर महिन्याला थोडे सोडता येतात. नव्या कंपन्या आपल्या कर्मचाऱ्यांचे टोकन अशाच करारांत बांधतात. ओपनझेपलिन या संस्थेचे असे तयार, तपासलेले करार सर्वांसाठी खुले आहेत.

एक्सआरपीच्या वहीत तर एस्क्रो ही सोय मुळातच आहे. रिपल कंपनीने डिसेंबर २०१७ मध्ये ५५ अब्ज एक्सआरपी ५५ कुलुपांत बांधले, दर महिन्याला एक अब्जाचे एक कुलूप उघडेल असे. आम्ही एकदम सगळे बाजारात ओतणार नाही, हे त्यांना लोकांना दाखवायचे होते. कुलूप सगळ्यांना दिसते, म्हणून त्या शब्दाला वजन आले.

पण करार माणूस लिहितो, आणि माणूस चुकतो. ६ नोव्हेंबर २०१७ रोजी पॅरिटी नावाच्या वॉलेटच्या मूळ करारात कोणीतरी एक चुकीची आज्ञा चालवली. त्या करारावर अवलंबून असलेल्या सगळ्या वॉलेटमधले पाच लाखांहून जास्त इथर कायमचे गोठले. एप्रिल २०२२ मध्ये अकुड्रीम्स या प्रकल्पाच्या करारातल्या चुकीमुळे ११,५०० हून जास्त इथर आत अडकले. ते आजही वहीत दिसतात, कोणालाच काढता येत नाहीत.

तेव्हा मुलाने यूट्यूब पाहून लिहिलेल्या करारात घराची पुंजी टाकू नये. तयार करार असला तरी एक तपासावे: त्यात “ॲडमिन” किंवा “ओनर” अशी कोणाला खास परवानगी आहे का? असेल, तर तो दुसऱ्या मार्गातल्या कंपनीसारखाच झाला. कुलूप सरकारी दिसते, पण दुसरी किल्ली कोणाच्या तरी खिशात आहे.

पाचवा मार्ग: स्टेकिंग

काही वह्या चालवायला लोकांचे चलन तारण म्हणून घेतले जाते, त्याला स्टेकिंग म्हणतात. बदल्यात मोबदला मिळतो. हा मोबदला कामाचा की सूदचा, यावर उलमांची मते वेगळी आहेत. आपल्या विषयापुरते एवढे महत्त्वाचे की यातही कुलूप असते, आणि त्याची तारीख आपण ठरवत नाही.

इथेरियमचे स्टेकिंग १ डिसेंबर २०२० ला सुरू झाले. त्यात टाकलेले इथर बाहेर काढण्याची सोय १२ एप्रिल २०२३ रोजी आली. मधली सव्वादोन वर्षे ज्यांनी टाकले ते वाटच बघत राहिले. लुना नावाच्या नाण्याची गोष्ट आणखी कडू. त्यातून बाहेर पडायला २१ दिवस लागत. मे २०२२ मध्ये ते नाणे काही दिवसांतच ८० डॉलरच्या आसपासहून एका सेंटच्याही खाली आले. ज्यांचे पैसे स्टेकिंगमध्ये होते त्यांनी पहिल्याच दिवशी अर्ज केला असता तरी हाती शून्यच आले असते.

कुलूप चोरापासून वाचवते, भावापासून नाही. बिटकॉइन नोव्हेंबर २०२१ मध्ये ६९,००० डॉलरच्या आसपास होते आणि एका वर्षात १६,००० च्या खाली गेले. त्या वर्षी ज्याच्या मुलीच्या फीची तारीख आली असती, त्याला कुलूप वेळेवर उघडूनही फी भरता आली नसती. म्हणून ज्या खर्चाची तारीख आणि रक्कम दोन्ही ठरलेल्या आहेत, त्यासाठी क्रिप्टो हे योग्य भांडे नाही असे आमचे मत आहे.

गणिताचे कुलूप

आणखी एक प्रकार अभ्यासकांमध्ये प्रसिद्ध आहे. किल्लीच अशा कोड्यात बंद करायची की ते सोडवायला संगणकाला वर्षानुवर्षे लागतील. अमेरिकेत प्राध्यापक रिव्हेस्ट यांनी १९९९ मध्ये असे कोडे तयार केले, ३५ वर्षांच्या हिशोबाने. एप्रिल २०१९ मध्ये ते सुटले, पंधरा वर्षे आधी. बेल्जियमच्या एका प्रोग्रॅमरने साध्या संगणकावर सुमारे साडेतीन वर्षांत ते सोडवले. यंत्रे उद्या किती वेगवान होतील ते आज ठरवता येत नाही. घराच्या पैशासाठी हा मार्ग नको.

जकात, हिबा आणि मीरास

इथे आपल्या घरांचा खरा प्रश्न सुरू होतो.

जकात: निसाब ६१२.३६ ग्रॅम चांदी किंवा ८७.४८ ग्रॅम सोने, दर अडीच टक्के, हे सर्वांना ठाऊक आहे. जे क्रिप्टोला माल मानतात त्यांच्या दृष्टीने त्यावर जकात आहे. पण दहा वर्षे कुलूपबंद असलेल्यावर? सक्तीने कापल्या जाणाऱ्या भविष्य निर्वाह निधीबाबत अनेक हनफी उलमा म्हणतात की रक्कम हाती येईपर्यंत जकात नाही. मात्र ते कुलूप मालकाने लावलेले नसते. इथे आपण स्वतःच लावले आहे, म्हणून ती सवलत इथे आपोआप लागू होते असे धरून चालू नये. फतवा घ्यावा. आणि दरवर्षी जकात द्यायची ठरली तर ती बाहेरच्या रोख पैशातून द्यावी लागेल, हे कुलूप लावण्याआधीच हिशोबात धरावे.

हिबा: “हे मी मुलीच्या नावाने ठेवले आहे” असे आपण सहज म्हणतो. मुस्लिम कायद्यात हिबा पूर्ण व्हायला तीन गोष्टी लागतात: देणाऱ्याची घोषणा, घेणाऱ्याचा स्वीकार आणि ताबा. “दहा वर्षांनी हे तुझे” अशी भविष्यातली भेट हिबा ठरत नाही. नाबालिग मुलांच्या बाबतीत बाप स्वतःच पालक असल्याने वेगळा ताबा द्यावा लागत नाही, पण घोषणा आजची आणि स्पष्ट हवी. एकदा ती दिली की माल मुलीचा, आपण फक्त सांभाळणारे. यातून जकातीचे उत्तरही बदलते. हनफी मसलकात नाबालिगाच्या मालावर जकात नाही, शाफई मसलकात आहे आणि ती पालकाने भरायची असते. आपल्या कोकणातली बहुतेक घरे शाफई आहेत, घाटावरची बहुतेक हनफी. एकाच महाराष्ट्रात दोन घरांचे उत्तर वेगळे येईल.

मीरास: समजा मालक वारला. मागे पत्नी, एक मुलगा, दोन मुली आहेत, आई-वडील हयात नाहीत. सूरह निसामधल्या वाटपाप्रमाणे, कर्ज आणि वसीयत वजा जाता, ३२ हिस्से केले तर पत्नीला ४, मुलाला १४, प्रत्येक मुलीला ७. पण किल्ली फक्त मुलाकडे असेल तर? वहीच्या दृष्टीने तो एकटा मालक. तिला ना पत्नीचा आठवा हिस्सा माहीत, ना मुलींचा हक्क. बहिणींना जमिनीत हिस्सा देताना आपल्या समाजात काय होते ते आपण पाहतोच. जमिनीचा निदान सातबारा तलाठ्याकडे असतो, कोर्टात जाता येते. बिटकॉइन आहे हेच बहिणीला ठाऊक नसेल तर ती मागणार काय?

नॉमिनीचे नाव घातले म्हणजे तो मालक झाला, असाही समज आहे. डिसेंबर २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने शेअर्सच्या बाबतीत स्पष्ट केले की नॉमिनी वारसांना डावलून मालक होत नाही. शरियतचे म्हणणेही तेच: नॉमिनी अमानतदार आहे. किल्ली सांभाळणाऱ्यालाही हेच लागू. शिवाय वारसासाठी वसीयत बाकी वारसांच्या संमतीशिवाय चालत नाही, आणि बाहेरच्यासाठी एक तृतीयांशाच्या पुढे चालत नाही. तेव्हा सगळे क्रिप्टो एका मुलाच्या पत्त्यावर कुलूपबंद करून जाणे म्हणजे मागच्या दाराने वारसाचे वाटप मोडणे. कुलूप कितीही पक्के असो, हिशोब तर द्यावाच लागणार आहे.

सूरह बकराच्या २८२ व्या आयतीत मुदतीच्या व्यवहाराचे लेखन करण्याची आणि साक्षीदार ठेवण्याची ताकीद आहे. तारखेपर्यंत बांधलेला पैसा हा तर मुदतीचाच मामला.

कराचे दोन शब्द

भारतात १ एप्रिल २०२२ पासून क्रिप्टोच्या नफ्यावर ३० टक्के कर आणि त्यावर उपकर लागतो, आणि १ जुलै २०२२ पासून विक्रीवर १ टक्का टीडीएस कापला जातो. एका नाण्यातला तोटा दुसऱ्याच्या नफ्यातून वजा होत नाही. दहा वर्षांनी विकताना खरेदीची किंमत सिद्ध करावी लागेल, म्हणून आजच्या पावत्या आणि एक्स्चेंजचे हिशोबपत्रक छापून कागदांबरोबर ठेवावे. ते एक्स्चेंज तेव्हा असेलच असे नाही.

कुलूप लावण्याआधी

१. अडीअडचणीचा पैसा, मेहर देणे बाकी असेल तर ते, आणि कर्ज हे सगळे आधी बाजूला काढावे. पक्के कुलूप दवाखान्याचे बिल बघून उघडत नाही.

२. आधी शंभर-दोनशे रुपयांचे चलन एका दिवसासाठी लॉक करून पाहावे. उघडले, पैसे हाती आले, मगच पुढे जावे.

३. सगळी रक्कम एका तारखेला बांधू नये. दरवर्षी एक कुलूप उघडेल असे भाग करावेत.

४. एका कागदावर लिहावे: काय आहे, कोणत्या वहीत आहे, कोणत्या तारखेपर्यंत, कोणत्या वॉलेटने बनवले, स्क्रिप्ट कुठे ठेवली आहे, हे स्वतःचे आहे की कोणाला हिबा केले आहे. किल्लीचे शब्द या कागदावर लिहू नयेत, ते वेगळे ठेवावेत.

५. हा कागद दोन साक्षीदारांसमोर सही करून पत्नीला आणि सज्ञान मुला-मुलींना दाखवावा. फक्त मोठ्या मुलाला नव्हे.

६. कोणी “आम्ही लॉक करून देतो, बारा शब्द सांगा” म्हणाला, मग तो नातेवाईक असो की जमातीतला ओळखीचा, तिथेच थांबावे. फसवले गेलात तर १९३० या सायबर हेल्पलाइनवर लगेच फोन करावा.

आपल्या वडीलधाऱ्यांनी मुदतीसाठी ठेवलेली अमानत पूर्वी लोखंडी पेटीत असे, आणि पेटी कुठे आहे ते घरातल्या दोघा-तिघांना ठाऊक असे. नव्या पेटीचे कुलूप जुन्यापेक्षा कितीतरी पक्के आहे. म्हणूनच ती कुठे आहे, कोणाची आहे आणि त्यात कोणाचा किती हक्क आहे, हे हयातीतच सांगून ठेवणे पूर्वीपेक्षा जास्त जरुरीचे झाले आहे. ज्यांनी कुलूप आधीच लावले आहे त्यांनी निदान वरचा कागद या जुम्म्याच्या आत लिहून काढावा. अल्लाह आपल्या सर्वांना हक्कदाराचा हक्क वेळेवर पोहोचवण्याची तौफीक देवो. आमीन.